घरात उंदीर आहे, म्हणजे चूक कुणाची?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आई-बाबांबरोबर मी डोंबिवलीत एक रीसेल फ्लॅट बघायला गेले होते. दुसरा मजला, वन बीएचके, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. हॉल बरा, बेडरूम बरी, खिडकीतून उजेड चांगला. मग आईने सवयीप्रमाणे ओट्याखालची ट्रॉली ओढली आणि मागच्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च मारला. काळ्या, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या. आई काही बोलली नाही, तिने ट्रॉली परत आत ढकलली. पण घरातल्या काकूंचा चेहरा पार उतरला. "आम्ही फार स्वच्छ असतो हो," त्या म्हणाल्या. "बाजूच्यांकडून येतात ते."

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? माझ्यासाठी विशेष हे की गेली चार वर्षं मी जे कागद वाचतेय, त्यांत हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडी येत राहतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचे घरमालक तेच म्हणतात, भाडेकरू तेच म्हणतात, साहेब लोक तर म्हणतातच: उंदीर आमचा नाही, बाजूच्यांचा आहे. माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात असा: प्लेगच्या काळात, साधारण १८९६ ते १९१८, मुंबईत आणि मुंबईला लागून असलेल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात "राहण्याजोगं घर" म्हणजे काय ही कल्पना कशी बदलली. नातेवाइकांना एवढं सांगितलं की ते विचारतात, "मग नोकरी कुठे लागणार?" त्यामुळे हा लेख उंदरापासून सुरू करते. उंदीर सगळ्यांना कळतो.

खरं तर कळतो का? आपल्या भाषेची एक गंमत बघा. इंग्रजीत घरातला पिटुकला उंदीर वेगळा आणि मोठा उंदीर वेगळा, दोघांना दोन शब्द. मराठीत दोघेही उंदीरच. त्याहून दांडगी ती घूस. आणि लांब नाकाची, चिकचिक करत भिंतीच्या कडेने पळणारी, वास मारणारी ती चिचुंद्री, जी शास्त्रानुसार उंदरांच्या कुळातली नाहीच. जुन्या मराठी मजकुरात "घरात उंदीर फार झाले" असं वाचलं की मला थांबावं लागतं: कुठला उंदीर? कारण पुढची सगळी गोष्ट या एका प्रश्नावर उभी आहे. तुमच्यासाठीही तो बिनकामाचा नाही. लेंडी तांदळाएवढी असेल तर बहुधा घरातला छोटा उंदीर. अर्धा इंच, दोन्ही टोकांना निमुळती असेल तर छपरात-माळ्यावर राहणारा काळा उंदीर. त्याहून मोठी, बोथट टोकांची असेल तर गटाराकडचा पाहुणा.

माझी आजी कल्याणची, पारनाक्याजवळच्या वाड्यात वाढलेली. तिच्या तोंडी एक शब्दप्रयोग होता: "उंदीर पडला." मेला नव्हे, पडला. लहानपणी मला वाटायचं, कुठून तरी वरून पडला असेल. आणि ते अगदी चूकही नव्हतं. आढ्यावरचा उंदीर आजारी पडून झोकांड्या खात खाली जमिनीवर येतो आणि माणसांसमोर मरतो, ते हे "पडणं". आजीने स्वतः प्लेग पाहिला नव्हता, पण तिच्या आजीने पाहिला होता, आणि तीन पिढ्या उलटल्या तरी शब्दातली भीती तशीच राहिली होती. उंदीर पडला की घर सोडायचं. गावाबाहेर माळावर झोपडी घालायची आणि सगळं शांत झाल्यावरच परत यायचं. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ही आठवण आहे. तुमच्याकडे कुणी नव्वदीचं माणूस असेल तर विचारून बघा.

सुरुवात मुंबईच्या मांडवीत झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी तिथल्या रुग्णांमध्ये गाठीचा प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामं, आणि गोदामांच्या वर, मागे, बाजूला दाटीने राहणारी माणसं. हिवाळा येईपर्यंत लोक शहर सोडू लागले आणि १८९७ च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. लोक गेले ते मुख्यतः रेल्वेने. आणि जीआयपीच्या गाडीने मुंबई सोडणाऱ्या कुणालाही कल्याण चुकत नाही, कारण रुळांचे दोन फाटे तिथेच होतात: एक कसाऱ्याकडून नाशिकला, दुसरा कर्जतकडून पुण्याला. म्हणून प्रवाशांना उतरवून, रांगेत उभं करून, बगला-जांघा चाचपून तपासायची व्यवस्था कल्याणला झाली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आला (२०२० साली कोविडमध्ये आपल्यावर लागू झाला तोच), त्यानंतर तर अधिकाऱ्यांना कुणालाही अडवण्याची, कुठलंही घर उघडण्याची मुभा मिळाली. पुढची पुण्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे: रँडची कमिटी, घरात शिरणारे सोल्जर, आणि २२ जून १८९७ ची ती रात्र. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

इतिहासाच्या पुस्तकात प्लेग म्हटलं की एवढंच येतं. मला त्याच्या आधीचा एक साधा प्रश्न छळतो: ते सोल्जर घरात शिरून नेमकं काय शोधत होते? रुग्ण, हे उघड आहे. पण रुग्ण नेल्यावर घराचं काय करत होते?

ते घर धूत होते. कौलं उतरवून आत ऊन पाडत होते, जमीन उकरत होते, भिंतींना चुना मारत होते, औषधी पाणी फवारत होते, चिंध्या-गोधड्या जाळत होते. मुंबईत तर गटारं पाणी सोडून धुऊन काढली. कारण त्या काळचा पक्का समज असा की रोग घाणीत आहे, ओलीत आहे, कोंदट अंधाऱ्या हवेत आहे, जमिनीत मुरलेला आहे. थोडक्यात रोग घरात आहे, आणि घर घाण आहे ते घरातल्या माणसांमुळे. जे घर सुधारण्यापलीकडे गेलं असं वाटे, त्याच्यावर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात: यू, एच, एच. म्हणजे माणसाने राहायला नालायक. एका रंगाच्या डब्यात एका कुटुंबाची इभ्रत गेली.

आणि उंदीर? उंदीर मरताहेत हे सगळ्यांना दिसत होतं. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँने जंतू शोधला तेव्हाच मेलेल्या उंदरांत तो सापडला होता. पण उंदराकडून माणसाकडे रोग जातो कसा, हे कळत नव्हतं. बहुतेकांना वाटे, उंदीर बिचारा आपल्यासारखाच त्या घाणीचा बळी. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ च्या जूनमध्ये कराचीत एका हॉटेलच्या खोलीत प्रयोग करून दाखवलं की मधला दुवा पिसू आहे. त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने तर त्याचा सिद्धांत बाजूला सारला. माझ्या मते यात नुसता वैज्ञानिक संशय नव्हता. घाण हे कारण सोयीचं होतं, कारण घाणीचा दोष घरातल्या माणसाच्या गळ्यात घालता येतो. पिसवाला जातपात नसते आणि भाड्याची पावतीही नसते.

मग आला एप्रिल १९०३. हा माझ्या सगळ्या प्रबंधातला सर्वांत आवडता प्रसंग आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (पुढे १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं) ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर काम करत होता. त्याने मुंबईतल्या एका चाळीची हकीकत नोंदवली. ६ एप्रिलच्या सुमारास त्या चाळीत उंदीर पडायला लागले, भराभर. मग एकाएकी उंदीर पडणं थांबलं. लोकांना हायसं वाटलं असणार. पण ११ तारखेपासून पिसवांनी हैराण केलं. इतक्या पिसवा झाल्या की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. आणि १७ तारखेला, व्हरांड्यात झोपणाऱ्यांपैकीच एकाला प्लेगची गाठ आली. लिस्टनने तिथल्या माणसांच्या अंगावरून तीस पिसवा गोळा केल्या. त्यातल्या चौदा उंदरांवरच्या जातीच्या निघाल्या.

क्रम लक्षात आला ना? उंदीर मेले. पिसवांचं अन्न संपलं. उपाशी पिसवा नवं अंग शोधत खोलीभर झाल्या. त्यांना माणूस सापडला. चाळकऱ्यांनी जे केलं (खोली सोडली, बाहेर झोपले) त्यामागे घाण नव्हती, आळस नव्हता, उलट शहाणपणच होतं. फक्त व्हरांडा फार जवळ होता. आजीच्या आजीचं गावाबाहेरच्या माळावर जाणं हे त्याच शहाणपणाचं लांब पल्ल्याचं रूप. शास्त्राला जे कळायला १९०५ उजाडलं, त्यातला कामापुरता भाग गावागावांत आधीच माहीत होता: उंदीर पडला की घर सोडा. का, ते माहीत नव्हतं इतकंच.

१९०५ पासून परळलाच मोठी तपासणी सुरू झाली. एका वर्षात लाखाहून जास्त उंदीर शहरभरातून आणून चिरून पाहिले गेले. आणि संशोधकांनी आवारात चक्क छोटी घरं बांधली, प्रयोगासाठी. भिंती सारख्या, फरक फक्त छपरात. काहींवर आपली गावठी नळीची कौलं, काहींवर मंगलोरी कौलं, काहींवर पत्रा. आत गिनीपिग सोडले. गावठी कौलांच्या छपरात उंदीर खुशाल घरटी करत, कारण त्या अर्धगोल नळ्यांच्या थरांत त्यांना हव्या तेवढ्या पोकळ्या. मंगलोरी कौलं सपाट, एकात एक बसणारी. त्यांतून उंदीर येई-जाई, पण संसार थाटायला जागा कमी. पत्र्याच्या घरात त्याला शिरताच येईना. आणि रोगाचं प्रमाण छपराप्रमाणे बदललं! जिथे उंदीर वर राहत, तिथे त्यांच्या पिसवा खाली पडत आणि खालच्या प्राण्यांना रोग होई.

आणखी एक बारीक गोष्ट. पिंजरा जमिनीवर ठेवला तर आतला प्राणी आजारी पडे, तोच पिंजरा दोन फूट उंच टांगला तर वाचे, कारण पिसू काही चार-पाच इंचांपलीकडे उडी मारत नाही. काही पिंजऱ्यांभोवती त्यांनी चिकट कागदाचा पट्टा पसरला, पिसवा त्यात अडकाव्यात म्हणून. आज तुम्ही डी-मार्टमधून जो उंदरांचा चिकट पुठ्ठा आणता, त्याचा हा लांबचा काका. (तो पुठ्ठा मला स्वतःला आवडत नाही. उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो आणि मग त्याला उचलायचं कुणी यावरून घरात भांडण होतं.)

आता आपल्या कल्याणच्या वाड्यांचा विचार करा. जुनं कौलारू छप्पर, माळ्यावर वर्षाचं भात-तांदूळ, खाली शेणाने सारवलेली जमीन, मागे गोठा. काळ्या उंदराला याहून चांगलं घर मिळणार नाही. संशोधकांचंही निरीक्षण होतं की हिंदुस्थानातला हा काळा उंदीर जवळजवळ पाळीव असल्यासारखा माणसांत राहतो. गटारातला मोठा तपकिरी उंदीर वेगळा. तो मुंबईत दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात असे, ज्याला मुंबईकर अजून "हाऊस गल्ली" म्हणतात. साथ आधी गल्लीतल्या उंदरांत येई, साधारण दहा दिवसांनी छपरातल्या उंदरांत, आणि आणखी दहा-पंधरा दिवसांनी माणसांत. म्हणजे साथ गल्लीतून घरात येत होती. आणि गल्ली ही कुठल्याच एका घराची नव्हती. ती मालकाची, शेजारच्या मालकाची आणि म्युनिसिपालिटीची मिळून होती, म्हणजेच कुणाचीच नव्हती.

एवढं कळल्यावर सरकारने काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? घरं उंदरांना अवघड होतील अशी बांधायची, धान्याची गोदामं माणसांपासून दूर न्यायची, हाऊस गल्ल्यांची जबाबदारी कुणावर तरी टाकायची. यातलं थोडं झालं. बाकी पैसा आधीच दुसरीकडे वळला होता. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ सालीच स्थापन झाला होता, म्हणजे "घाण-अंधार-कोंदट हवा" या जुन्या समजावर. त्याने वस्त्या पाडून रस्ते काढले, आणि घरात उजेड किती कोनातून आला पाहिजे याचा नियम आणला: साडेत्रेसष्ट अंश. आज आपल्या इमारतींभोवती मोकळं अंतर सोडावं लागतं, त्या विचाराचं एक मूळ या नियमात आहे. उजेड-वारा चांगलाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण उंदराला उजेडाने फरक पडत नाही. त्याला भोक लागतं आणि खाणं लागतं. ज्यांची घरं पाडली त्या सगळ्यांना नव्या चाळीत जागा मिळाली नाही. ते पुढच्या दाट वस्तीत गेले, आणि उंदीरही. ट्रस्टच्या बीआयटी चाळी मात्र अजून उभ्या आहेत. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं राहिले.

दुसरा मार्ग होता उंदीर मारण्याचा. तो आजही चालू आहे. मुंबई महापालिकेकडे रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारे कामगार आहेत, एका रात्रीत तीस उंदरांचं लक्ष्य असलेले. उंदीर मोजण्याची आपली सवयही जुनीच. २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी विचारलं होतं की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब कसा काय लागतो. महाराष्ट्र महिनाभर हसला. मी मात्र तो आकडा प्रबंधाच्या वहीत लिहून ठेवला, कारण मारलेला उंदीर मोजता येतो, म्हणून सरकारी कामात तो नेहमी आवडता असतो. बुजवलेलं भोक कुणी मोजत नाही.

तिसराही एक उपाय सुचवला गेला, आणि तो आपल्याच विदर्भातून. अमरावतीकडे काम करणारे अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे डॉक्टर गावोगाव मांजरं मोजत हिंडले आणि १९०८ मध्ये त्यांनी मांडलं की ज्या गावात घरटी मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी. मार्गदर्शक बाई म्हणतात, हे प्रबंधात तळटीपेत टाक. मला वाटतं, अख्खं प्रकरण होईल.

बरं, आता डोंबिवलीच्या त्या फ्लॅटकडे परत येऊ. आधी एक गोष्ट स्पष्ट: तुमच्या ट्रॉलीतल्या उंदरामुळे तुम्हाला प्लेग होणार नाहीये. प्लेगवर आज अँटिबायोटिक्स आहेत आणि ठाणे-कल्याणच्या फ्लॅटमध्ये भीती आहे ती वेगळी: पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो (२६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसराने तो चांगलाच अनुभवला), खराब होणारं अन्न, कुरतडलेल्या वायरी. पायांवर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, आणि उतरावंच लागलं व नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगा.

पण घराची रचना बघाल तर १९०५ चं परळ तुमच्यासमोर उभं राहतं. संडास-बाथरूमच्या मागची डक्ट ही आजची हाऊस गल्ली. सगळ्या मजल्यांचे पाइप तिच्यातून जातात, तिच्यात कचरा पडतो, आणि ती कुठल्याच एका फ्लॅटची नसते. पीओपीचं फॉल्स सीलिंग म्हणजे नळीची कौलं: वर पोकळी, उबदार, अंधारी, कुणी बघत नाही. तळमजल्यावरचं किराणा दुकान किंवा हॉटेल म्हणजे मांडवीचं गोदाम. आणि वर्षानुवर्षं बंद ठेवलेला, गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट? त्याच्यासाठी बीड जिल्ह्यातल्या मामला गावाची आठवण ठेवा. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथल्या लोकांनी भेगाळलेली घरं सोडली, धान्य आतच राहिलं, बंद घरांत उंदरांची पैदास झाली, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे गाठीचा प्लेग निघाला. आधी उंदीर पडले, मग पिसवा झाल्या. लिस्टनच्या चाळीतलाच क्रम, नव्वद वर्षांनी.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा फरशी आणि रंग बघून झाल्यावर पाच मिनिटं खाली वाका. सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथे सभोवार सिमेंट आहे की बोटभर फट? पेन्सिल आत जात असेल तर छोटा उंदीरही जातो. बाथरूमची जाळी घट्ट बसते का? एसीचा पाइप काढला तिथलं भोक बुजवलंय का? फॉल्स सीलिंगला कोपऱ्यात तेलकट काळे डाग आहेत का? उंदीर रोज एकाच वाटेने जातो आणि त्याच्या अंगाचा मळ तिथे लागतो. डक्टमध्ये डोकावून बघा आणि सोसायटीत विचारा, ही शेवटची साफ कधी झाली. फट बुजवायची तर नुसतं सिमेंट किंवा फोम नको, उंदीर तो कुरतडतो. आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, वरून सिमेंट.

विषाबद्दल एकच सांगते. टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळणारं पिवळ्या फॉस्फरसचं विष घरात आणू नका. त्यावर उतारा नाही, आणि ते लहान मुलांच्या हाती लागल्याच्या बातम्या आपण वाचतो.

आणि घर नवं असेल तर पाइपाभोवतीची फट ही तुमच्या स्वच्छतेची परीक्षा नाही, ते बांधकामाचं काम आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. भाड्याच्या घरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात जागा राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हटलंय. मी वकील नाही, पण लेखी तक्रार करायला वकील लागत नाही. फोटो काढा, तारीख घाला, पत्राची पोच घ्या. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझा त्यात स्वार्थही आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या भाडेकरूंनी लिहिलेले अर्ज इतके कमी हाती लागतात की एकेक सापडला की मी दिवसभर खूश असते. साहेबांनी भाडेकरूंबद्दल लिहिलेलं मात्र खंडच्या खंड आहे.

तो फ्लॅट आम्ही घेतला. किंमत थोडी कमी झाली, पण ती उंदरामुळे नाही, पार्किंग नव्हतं म्हणून. ताबा घ्यायच्या आधी बाबांनी प्लंबर आणून सिंकमागची फट बुजवली. त्याने भिंतीला लागलेली प्लायची पाठ काढली तेव्हा मागे तीन बोटं रुंद भोक निघालं, सरळ डक्टमध्ये उघडणारं, आणि कडांना विटांचा मूळ रंगही न गेलेला. म्हणजे इमारत बांधली तेव्हापासूनचं. त्या काकू अठरा वर्षं ओटा घासत होत्या. आईने त्यांना फोन करून मुद्दाम ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही, मग त्या म्हणाल्या, "अगंबाई. आणि मी सुनेला बोलत होते."